वाटीभर केक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पाककृतींच्या पुस्तकात प्रमाण दिलेलं असतं ते बहुधा चार माणसांचं. घरात एकच माणूस उरलं असेल तर त्यानं काय करायचं, ते पुस्तक सांगत नाही. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. निवृत्त झालो, पुढे पत्नी गेली, मुलं आपापल्या गावी. म्हणून हे प्रमाण मला स्वतःलाच बसवावं लागलं. तेच आज सांगणार आहे.

आमच्या घरी केक व्हायचा तो वाळूवर. जाड पातेल्यात धुऊन, चाळून, उन्हात वाळवलेली वाळू. वाळूवर केकचं भांडं आणि वर घट्ट झाकण. ही युक्ती आपल्याला नवी नाही. कोकणात तवसाचं धोंडस खाली-वर निखारे ठेवूनच भाजत. हिचं केकचं मापही सोपं : चार अंडी आणि त्यांच्या भारोभार मैदा, साखर, लोणी. मुलांचा वाढदिवस असो की माझा, केक ठरलेला. तिचा स्वतःचा वाढदिवस आला, की मात्र म्हणायची, “माझ्या एकटीसाठी कशाला एवढा घाट?” आम्ही सगळे ‘बरं’ म्हणायचो. मीसुद्धा.

ती गेल्यानंतरच्या तिच्या पहिल्या वाढदिवसाला मी वही काढली आणि पूर्ण मापाचा केक केला. पहिल्या दिवशी बरा लागला. चौथ्या दिवशी चहात बुडवल्याशिवाय तुटेना. निम्मा टाकून द्यावा लागला, त्याचं वाईट वाटलं. मग ठरवलं, एका माणसाला एका बैठकीत संपेल एवढाच करायचा.

पहिली अडचण अंड्याची. एका अंड्याच्या भारोभार सगळं घेतलं तरी दोघा-तिघांना पुरेल एवढा केक होतो आणि अर्धं अंडं काही बाजारात मिळत नाही. म्हणून अंडं वगळलं. अंडं केकला दोन गोष्टी देतं, फुगवटा आणि बांधणी. आमटीच्या वाटीएवढा केक स्वतःचा भार सहज पेलतो, त्याच्या बांधणीला मैदा पुरतो. फुगवायचं काम दही आणि सोड्याकडे देता येतं.

माप लिहून घ्या. टेबलस्पून म्हणजे १५ मिलिलिटर. घरात मोजायचे चमचे नसले तर खोकल्याच्या औषधाचं खुणा असलेलं टोपण घ्या. मैदा ४ टेबलस्पून, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम. कोको १ टेबलस्पून. तो कडू, बिनसाखरेचा हवा, दुधात घालून प्यायची चॉकलेटची पूड नको. पिठीसाखर ४ टेबलस्पून. खायचा सोडा एक चिमूट, मीठ अर्धी चिमूट. हे सगळं एकत्र चाळायचं. दुसऱ्या भांड्यात दही २ टेबलस्पून, दूध दीड टेबलस्पून आणि बिनवासाचं तेल १ टेबलस्पून.

आता थोडं रसायनशास्त्र. सोड्याला आम्ल भेटलं की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. त्याचे बुडबुडे पिठात अडकतात, भट्टीच्या उष्णतेनं मोठे होतात आणि तेवढ्यात भोवतालचं पीठ शिजून घट्ट होतं. यालाच आपण केक फुगला म्हणतो. इथे आम्ल दह्यात आहे आणि थोडं साध्या कोकोतही आहे. १८२८मध्ये हॉलंडच्या वॅन हौटेन घराण्यानं कोकोतलं तूप दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढे कोकोवर अल्कलीची प्रक्रिया करायची पद्धत रूढ केली. त्यानं रंग गडद आणि चव मवाळ होते. पण आम्ल जातं. असा ‘डच’ कोको असेल, तर दह्यात कंजुषी करू नका. सोडा मात्र चिमटीपलीकडे नको. आम्ल न भेटलेला सोडा उष्णतेनं चक्क धुण्याच्या सोड्यात बदलतो. केकला साबणासारखी चव येते ती त्यामुळेच. मोठ्या केकमध्ये थोडं कमी-जास्त खपून जातं. वाटीभर केकमध्ये एक चिमूटसुद्धा दुप्पट ठरते.

ओलं आणि कोरडं एकत्र करण्याआधी भट्टी तापलेली हवी, कारण वायू लगेच सुटायला लागतो आणि आपली वाट बघत नाही. जाड कढईत दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर एक लहान तिवई, वर झाकण. मध्यम आचेवर दहा मिनिटं. पाणी अजिबात नाही. मिठाचं काम वाळूचंच, आच सारखी पसरवायची. ते वाया जात नाही, पुन्हा केकलाच वापरा. मग पीठ कालवा. गुठळ्या मोडल्या की हात थांबवा. जास्त फेटलं तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जाऊन केक चिवट होतो. तेलाचा हात फिरवलेल्या स्टीलच्या वाटीत दोन तृतीयांश भरा, कढईत ठेवा आणि आच मंद करा.

अठरा ते वीस मिनिटं लागतात. उष्णतेला वाटीच्या मध्यापर्यंत पोचायला अंतर थोडं, म्हणून वेळ थोडा. पण आकारमानाच्या मानानं पृष्ठभाग जास्त, म्हणून सुकतोही लवकर. इथे लोण्याऐवजी तेल घेतलं ते यासाठीच. लोणी थंडीत थिजतं, तेल पातळच राहतं आणि केक मऊ लागतो. पंधराव्या मिनिटाला मधोमध सुरी टोचून बघा. ओलं पीठ लागलं तर आणखी तीन मिनिटं, नाही तर लगेच उतरवा.

घरी मायक्रोवेव्ह असेल, तर हेच पीठ चिनी मातीच्या मोठ्या कपात, निम्म्यापर्यंतच भरून, मिनिटभरात होतं. स्टीलची वाटी तिथे चालणार नाही. हा ओव्हन शोधणारे अमेरिकी अभियंता पर्सी स्पेन्सर. १९४५च्या सुमारास रडारच्या नळीजवळ काम करताना त्यांच्या खिशातली गोड वडी वितळली, असं सांगतात. त्या लहरी मुख्यतः पिठातलं पाणी तापवतात. भोवतालची हवा थंडच राहते, म्हणून खरपूस कड येत नाही. दहा सेकंद जास्त झाले तर केक रबरासारखा होतो. वरचा भाग किंचित ओलसर असतानाच थांबवा. बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत आतल्या वाफेनं शिजतो. मला मात्र कढईतलाच आवडतो. त्याचा वास जिन्यापर्यंत जातो.

तो वास घेऊनच परवा शेजारच्या वहिनी दारात आल्या. त्याही एकट्याच असतात. “कुणाचा वाढदिवस?” म्हणाल्या. “हिचा,” मी म्हटलं. वाटी ताटलीत उपडी केली, सुरीनं दोन भाग केले. एक त्यांना दिला. खाताना त्या म्हणाल्या, “मी तर माझ्यापुरती हल्ली भाजीसुद्धा करत नाही. दूध-भात खाते. तुम्ही तुमच्या एकट्यासाठी एवढा घाट घालता?”

मी म्हटलं, “एवढा कुठे? वाटीभरच तर आहे.”

त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान मागितलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर माप उतरवून घेतलं.