माका जाग येतली मां?

१९८९ साली काकांना बायपाससाठी मालवणहून एसटीने मुंबईला नेलं, तेव्हा घरच्यांनी सर्जनची चौकशी दहा ठिकाणी केली. भूल कोण देणार, हे कुणी विचारलं नाही. काकांचा प्रश्न मात्र तेवढाच होता, "माका जाग येतली मां?"

जाग आली, दुसऱ्या दिवशी दुपारी. घशात नळी, हात खाटेला बांधलेले. पुढे सांगत, "गरीक लागलल्या सुरमयेसारखा वाटला."

यात चूक कुणाची नव्हती, तेव्हाची रीतच ती. बोस्टनच्या ज्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात १८४६ मध्ये ईथरचं गाजलेलं प्रात्यक्षिक झालं, तिथल्याच एडवर्ड लोवेनस्टाइन यांनी १९६९ मध्ये मॉर्फिनच्या भल्यामोठ्या मात्रेवर हृदयरुग्णांना भूल दिल्याचं मांडलं. पुढे मॉर्फिनची जागा फेंटानिलने घेतली. आजारी हृदयाला हे मानवायचं. करवतीने छातीचं हाड कापतानाही रक्तदाब फारसा उसळत नसे. पण श्वासही थांबे, म्हणून रात्रभर व्हेंटिलेटर. शिवाय एखादा रुग्ण पुरता बेशुद्धच नसे, कानावर बोलणी पडत.

नव्वदच्या दशकात फेंटानिल कमी झालं. सोबत आयसोफ्ल्युरेन वायू किंवा शिरेतून प्रोपोफॉल आलं. नळी काही तासांत निघू लागली. माझ्या मते रुग्णाच्या दृष्टीने खरा पालट हाच.

त्याच सुमारास आपल्याकडे धडधडत्या हृदयावरचा बायपास रुजला. सर्जन मागची रोहिणी गाठायला हृदय उचलतो नि रक्तदाब कोसळतो. भूलतज्ज्ञ टेबल डोक्याकडून खाली करतो, औषध वाढवतो; तरी भागलं नाही तर सर्जनला हृदय परत जागेवर ठेवायला सांगतो. जानेवारी २००९ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांचा बायपास झाला, तेव्हा डॉ. रमाकांत पांडा यांचं नाव घरोघरी पोचलं. भूल देणाऱ्यांचं किती जणांना आठवतं?

बेंगळुरूत तर पाठीत एपिड्युरल देऊन रुग्ण जागा असताना बायपास झाले. धाडस खरं, पण मला पटत नाही. बायपासमध्ये रक्त पातळ करणारं हेपारिन द्यावंच लागतं. सुईच्या जागी रक्त साकळलं तर मज्जारज्जू दाबला जातो. २०१६ मध्ये पुढे आलेला, सोनोग्राफीत बघून पाठीच्या स्नायूंखाली औषध सोडायचा ब्लॉक त्यापेक्षा बेताचा वाटतो.

राहिला वायू की शिरेतलं औषध, हा वाद. वायूमुळे हृदय रक्ताची टंचाई सोसायला तयार होतं, असं बरीच वर्षं मानलं गेलं. २०१९ मध्ये १३ देशांतल्या ५,४०० बायपास रुग्णांची तुलना छापून आली : वर्षभरातले मृत्यू वायूच्या गटात २.८ टक्के, शिरेतल्या औषधाच्या गटात ३ टक्के. म्हणजे बरोबरीच.

गेल्या वर्षी चुलतभावाला बांद्यावरून गोव्याला नेलं. संध्याकाळी नळी निघाली. सकाळी छातीशी उशी आवळून खोकत होता, तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढत होता. पहिला प्रश्न, "बांगडे कधी खावचे?"

तुमच्या घरी ही वेळ आली तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला येतील. हलणारा दात, कवळी, दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळं सांगा. आणि तंबाखू-मिशरी तर मुळीच लपवू नका.