हरण्याची अक्षरं

बऱ्हाणपूर आणि तापीच्या खालच्या अंगाचा रावेर-यावल पट्टा. इथे केळीच्या कोवळ्या पानावर पिवळे पट्टे उमटले, की शेतकरी म्हणतो, ‘हरण्या आला.’ पान आखूड होतं, कडा वळतात, पोंगा सडतो आणि झाड घड टाकायच्या आधीच बाद होतं. लागवडीनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत, पावसाळी ढगाळ हवेत याचा जोर जास्त. कृषी खात्याच्या पत्रकात याचं नाव कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे सीएमव्ही. याच पट्ट्यातली बारावी विज्ञानाची आणि बीएस्सीची मुलं डीएनए, आरएनए, पीसीआर पाठ करत असतात. पण वडिलांच्या शेतातला हरण्या आणि पोराच्या वहीतला आरएनए यांची गाठ सहसा पडत नाही. ती घरबसल्या, एक पैसा न देता पाडता येते.

रेणवीय जीवशास्त्र ऑनलाइन शिकायचं म्हटलं, की मुलांच्या हाती याद्या पडतात: हा कोर्स, तो कोर्स, हे व्हिडिओ. मुलं नावं नोंदवतात, दोन आठवडे पाहतात आणि सोडून देतात. काही जण नेटाने प्रमाणपत्रं जमवतात; पण एखादा जनुकक्रम समोर ठेवला तर त्याचं काय करायचं हे त्यांना सुचत नाही. माझं ठाम मत आहे, की सुरुवात कोर्सपासून करूच नये. आपल्या शिवारातला एक प्रश्न धरावा आणि त्याच्या मागे जाताना जे अडेल ते शिकावं. बऱ्हाणपूरसाठी तो प्रश्न हरण्या.

अमेरिकेतल्या एनसीबीआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर जेनबँक नावाचं भांडार आहे. १९८२ साली सुरू झालेल्या या भांडारात जगभरचे संशोधक आपापले जनुकक्रम जमा करतात, आणि ते कोणालाही मोकळे असतात. तिथे सीएमव्ही शोधला की पहिलीच गोष्ट चकित करते: या विषाणूचा आराखडा एकसंध नाही, आरएनएच्या तीन वेगळ्या तुकड्यांत आहे. पहिला साधारण ३,३०० अक्षरांचा, दुसरा ३,००० च्या आसपास, तिसरा २,२०० च्या. बागच्या बाग आडवी करणारा मजकूर जेमतेम साडेआठ हजार अक्षरांचा!

तिसऱ्या तुकड्यावर विषाणूच्या प्रथिन-कवचाचं जनुक आहे. हे कवच २१८ अमिनो आम्लांचं. आता वहीत हिशेब करावा. एका अमिनो आम्लाला तीन अक्षरं, म्हणून ६५४; शेवटी ‘थांबा’ सांगणारा तीन अक्षरांचा कोडॉन, एकूण ६५७. भांडारातल्या नोंदीत कवचाच्या जनुकाची लांबी पाहावी. ती ६५७ भरते तेव्हा बारावीतला जनुकीय संकेताचा धडा पाठ करायची गरज उरत नाही.

पुढची पायरी ब्लास्ट. १९९० साली तयार झालेलं हे शोध-साधन आजही या शास्त्रातलं रोजचं हत्यार आहे. कवचाच्या जनुकाची अक्षरं चौकटीत चिकटवायची, की भांडारातले मिळतेजुळते क्रम समोर येतात. शेजारी एक आकडा असतो, ई-व्हॅल्यू. इतकं साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा सापडलं असतं, याचा तो अंदाज; शून्याच्या जितका जवळ, तितकं नातं पक्कं. आलेली यादी सावकाश वाचावी. हे क्रम ज्या पिकांतून घेतले, त्यांत केळी तर असतेच, पण काकडी, टोमॅटो, मिरचीही असते. एकच विषाणू इतक्या पिकांत राहतो. ‘केळीत काकडीवर्गाचं, मिरची-टोमॅटोचं आंतरपीक घेऊ नका, बांधावरचं तण काढा’ या सल्ल्यामागचं कारण त्या यादीत उघडं पडतं.

मग मावा. रोगट पानात सोंड खुपसल्यावर काही सेकंदांत विषाणू माव्याच्या सोंडेला लागतो आणि पुढच्या झाडावर तितक्याच झटपट उतरतो. फवारणीने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. म्हणून रोगट झाड उपटून नष्ट करणं औषधापेक्षा जास्त कामाचं. सोंडेला चिकटण्याचा गुण ठरतो तो बहुतांशी त्याच ६५७ अक्षरांच्या कवचात. इतकं समजलं, की मूल घरी आईवडिलांना चार कामाच्या गोष्टी सांगू शकतं, आणि माझ्या लेखी ते कुठल्याही प्रमाणपत्राहून मोठं.

इथून पीसीआरकडे वाट आपोआप वळते. पीसीआर डीएनएच्या प्रती काढतो, हरण्या तर आरएनएचा. म्हणून आधी आरएनएवरून डीएनए लिहून घ्यावा लागतो. उलट, केळीच्या पर्णगुच्छ रोगाचा विषाणू डीएनएचा, त्याला ही पायरी नको. एनसीबीआयच्याच प्रायमर-ब्लास्टवर हरण्यासाठी प्रायमरची, म्हणजे प्रत काढायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची, जोडी स्वतः आखता येते आणि ती भलतीकडे चिकटणार नाही ना, हेही तपासता येतं. आणखी एक गुंता फार शिकवणारा आहे. केळीच्या स्ट्रीक विषाणूचे तुकडे काही जातींच्या गुणसूत्रांतच मिसळून गेलेले असतात, विशेषतः रानकेळीच्या ‘बी’ वंशाचा वाटा असलेल्या जातींत. अशा झाडाची साधी पीसीआर चाचणी, रोग नसतानाही ‘आहे’ म्हणू शकते. ऊतिसंवर्धित रोपांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून प्रमाणन पद्धत आणली, तीत अशा विषाणूंची तपासणी का असते, हे इथे कळतं. मातृझाड रोगट निघालं, तर त्याच्यापासून केलेल्या हजारो रोपांत रोग वाटला जातो.

आपली ग्रँड नैन, म्हणजे जी-नाईन, तीन गुणसूत्र-संचांची आणि बी न धरणारी. संकर करून तिच्यात रोगप्रतिकार आणणं जवळपास अशक्य, म्हणूनच केळीत जनुकीय अभियांत्रिकीचा विषय इतका निकडीचा. २०१२ साली केळीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. ३६ हजारांवर जनुकं त्यात मोजली गेली. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये मान्यता दिलेल्या क्यूकॅव्ह-४ या वाणात रानटी केळीतलं आरजीए-२ हे जनुक घातलं आहे, पनामा रोगाच्या टीआर-४ प्रकाराविरुद्ध. हे वाण ग्रँड नैनवरच बेतलेलं.

कापूसवाल्या घरातल्या मुलाने दुसरी वाट धरावी. बीटी कापसाला देशात २००२ साली परवानगी मिळाली, आणि गुलाबी बोंडअळीने पुढे त्यालाही दाद दिली नाही. का? २०१४ साली ‘प्लॉस वन’ या मुक्त नियतकालिकात आलेला शोधनिबंध पबमेड सेंट्रलवर पूर्ण वाचता येतो. भारतातल्या सात ठिकाणच्या ४३६ किड्यांचा डीएनए त्यात तपासला होता. बीटीचं विष अळीच्या आतड्यात ज्या कॅडहेरिन प्रथिनाला चिकटतं, त्याच्या जनुकाची आठ मोडकी रूपं सापडली. आणि त्या आठांपासून एमआरएनएचे १९ वेगवेगळे पाठ बनत होते. एकाच जनुकातून निरनिराळी कातरलेली एमआरएनए कशी निघते, हा पुस्तकातला कोरडा परिच्छेद इथे शेतकऱ्याच्या नुकसानीला जाऊन भिडतो.

वाटेत जे अडेल त्यासाठी मग साहित्य भरपूर. बऱ्हाणपूरची बरीच मुलं घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलणारी. त्यांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये. एनसीईआरटीचं बारावीचं जीवविज्ञान हिंदीत फुकट उतरवून घेता येतं. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञानाचं प्रकरण मराठीत आहे, त्यात ऊतिसंवर्धनही आहे. संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. त्यापुढे आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलची व्याख्यानं. ती पाहायला पैसे लागत नाहीत, परीक्षेला लागतात. स्वयम् मंचावरच्या कोर्सचे श्रेयांक विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार ४० टक्क्यांपर्यंत पदवीत धरता येतात. आपलं महाविद्यालय ते धरतं का, हे मात्र आधी विचारावं. सरकारी ‘व्हर्च्युअल लॅब्स’वर अमृता विद्यापीठाने केलेले जेल इलेक्ट्रोफोरेसिससारखे प्रयोग पडद्यावर करून पाहता येतात.

पडद्यावर, हे विसरू नये. आरएनए फार नाजूक. बोटाच्या त्वचेवरच्या विकरानेही त्याचे तुकडे होतात. पिपेट कशी धरावी, जेलमध्ये पट्टी का उमटली नाही, हे हाताने चुकल्याशिवाय येत नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ती सोय दुर्मीळ. म्हणून वर्ष-दीड वर्ष असा अभ्यास झाला की प्रयोगशाळेचं दार ठोठावावं. जळगावचं विद्यापीठ आणि इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाचा जैवतंत्रज्ञान विभाग आपल्यापासून फार लांब नाहीत. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. अर्ज ऑनलाइन असतो आणि त्यात काय करायचं आहे हे स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. ज्याने हरण्याचा क्रम उघडून प्रायमर आखून पाहिले आहेत, त्याने तिथे सरळ तेच लिहावं: कोणतं पीक, कोणता विषाणू, कोणती जोडी, आणि कोणत्या गावच्या पानावर ती तपासायची आहे.