वीज कंपनी बदलली, पण पैसे वाचले का?

मे महिन्याचं लाइट बिल आलं की घरात आणि रूमवर एक चर्चा ठरलेलीच. ‘एवढं बिल कसं आलं?’ मग कुणीतरी म्हणतं, ‘आमच्या बिल्डिंगमध्ये अर्ध्या लोकांनी कंपनीच बदलली, तुम्हीही बदला.’ दुसरा म्हणतो, ‘त्यांचा रेट युनिटमागे रुपयाने कमी आहे.’ ऐकायला भारी वाटतं. मोबाइलचं सिम पोर्ट करतो तसं वीजही पोर्ट करायची आणि महिन्याला दोन-तीनशे रुपये वाचवायचे! पण दोस्तहो, युनिटचा रेट कमी असणं आणि तुमचे पैसे वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधलं अंतर मोजायला फक्त मोबाइलचा कॅल्क्युलेटर आणि मागचं बिल लागतं.

आधी बघा, तुम्हाला निवड आहे का?

महाराष्ट्रात बहुतेकांना वीज कंपनी निवडता येत नाही. पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे, अगदी मुंबईतल्या मुलुंड-भांडुपलाही वीज महावितरणची. दक्षिण मुंबईत बेस्ट. खरी निवड आहे ती मुंबईच्या उपनगरांत. तिथे अदानी आणि टाटा असे दोन पर्याय आहेत.

हे सुरू झालं 2008 मध्ये. मुंबईत टाटा पॉवर थेट घरगुती ग्राहकांनाही वीज विकू शकते, असा निकाल सुप्रीम कोर्टाने त्या वर्षी दिला. पुढच्याच वर्षी, 2009 मध्ये, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने एक मार्ग मोकळा केला: घरापर्यंत आलेली वायर जुन्याच कंपनीची ठेवायची आणि वीज मात्र दुसऱ्या कंपनीकडून घ्यायची. तेव्हा उपनगरातली वायर रिलायन्सची होती. 2018 मध्ये हा व्यवसाय अदानीकडे गेला. मधल्या काळात लाखो ग्राहकांनी कंपनी बदलली. नंतर दर बदलले तसे काहीजण परतही आले. ‘स्वस्त कंपनी’ नावाची गोष्ट कायमची नसते, हे एवढ्यावरूनच कळतं.

बिलातला कोणता भाग बदलतो?

आपण बिल बघतो म्हणजे काय, तर खालची मोठ्या अक्षरातली रक्कम बघतो. जरा वर जा. तिथे साधारण पाच गोष्टी सापडतील. स्थिर आकार, म्हणजे एकही युनिट वापरलं नाही तरी भरायचे पैसे. वीज आकार, म्हणजे प्रत्यक्ष विजेची किंमत. वहन आकार, म्हणजे वायरचं भाडं. इंधन समायोजन आकार, जो कोळसा-गॅसच्या किमतीप्रमाणे कमीजास्त होतो. आणि या सगळ्यावर सरकारचं वीज शुल्क, घरगुती ग्राहकांसाठी 16 टक्के.

वायर जुन्याच कंपनीची राहिली, तर वायरचं भाडंही तिचंच द्यावं लागतं. त्यामुळे कुणी फक्त ‘वीज आकार’ दाखवून स्वस्त म्हणत असेल, तर ते अर्धंच चित्र आहे. दोन्हीकडचे सगळे आकार शेजारी मांडा, मगच बोला.

दुसरी गोष्ट स्लॅबची. आपल्याकडे घरगुती दर 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर अशा टप्प्यांत असतात. 101 वं युनिट जळलं की सगळं बिल महाग दराने लागतं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पहिली 100 युनिट्स स्वस्त दरानेच मोजली जातात, वरच्यांना पुढचा दर लागतो. म्हणूनच एक कंपनी कमी वापरणाऱ्याला स्वस्त आणि दुसरी जास्त वापरणाऱ्याला स्वस्त, असं होऊ शकतं.

चला, हिशेब करू

पुढचे आकडे कोणत्याही कंपनीचे खरे दर नाहीत, फक्त गणित समजायला घेतलेत. समजा, कंपनी ‘अ’चा स्थिर आकार 100 रुपये, पहिल्या 100 युनिट्सना 6 रुपये आणि पुढच्या 200 ना 10 रुपये. कंपनी ‘ब’चा स्थिर आकार 130, पहिल्या 100 ना 7 आणि पुढच्यांना 9 रुपये. वायरचं भाडं या दरातच धरलंय.

मे महिन्यात तुमच्याकडे 300 युनिट्स जळली. ‘अ’चं बिल 2,700 रुपये, ‘ब’चं 2,630. म्हणजे ‘ब’कडे 70 रुपये वाचले. बदलूया?

थांबा. जुलैत कूलर बंद झाला, वापर 150 युनिट्सवर आला. आता ‘अ’चं बिल 1,200 आणि ‘ब’चं 1,280. इथे ‘ब’ 80 रुपयांनी महाग!

उन्हाळ्याचे चार महिने 300 युनिट्स आणि बाकीचे आठ महिने 150 असं धरा. उन्हाळ्यात ‘ब’मुळे 280 रुपये वाचतात, उरलेल्या वर्षात 640 जास्त जातात. वर्षाअखेर 360 रुपयांचा तोटा, त्यावर 16 टक्के शुल्क धरलं तर साधारण 418. मे महिन्याचं बिल बघून घेतलेला निर्णय असा अंगाशी येतो. तोटा खिशातून हळूहळू जातो, त्यामुळे तो लक्षातही येत नाही.

म्हणून एका महिन्याचं बिल कधीच पुरेसं नसतं. बारा महिन्यांची युनिट्स हवीत. ती शोधायला फार कष्ट नाहीत, मागच्या महिन्यांचा वापर बिलावरच छापलेला असतो.

बदलून झाल्यावर ‘खरंच वाचले का’ हे बघतानाही एक घोळ होतो. आपण मागच्या महिन्याचं बिल आणि या महिन्याचं बिल शेजारी ठेवतो. पण मधे पाऊस पडला, पंखा कमी चालला, कुणीतरी गावाला गेलं, तर बिल कमी होणारच. त्यात कंपनीचं काय कौतुक? बरोबर पद्धत अशी: या महिन्याची युनिट्स घ्या आणि तेवढ्याच युनिट्सचं जुन्या कंपनीच्या आजच्या दराने बिल काढा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची खरी बचत. बिल किती दिवसांचं आहे तेही बघा. रीडिंग न घेता सरासरी बिल आलंय का, त्यात थकबाकी किंवा सुरक्षा ठेवीचा हप्ता आहे का, हेही तपासा. नाहीतर आंब्याची तुलना फणसाशी होईल.

कंपनी तीच, पण वेळ बदलली तर?

महावितरणच्या ग्राहकांना कंपनी बदलता येत नसली, तरी एक नवा पर्याय आलाय. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैसे सवलत लागू झाली. दिवसा सौर वीज भरपूर असते, ती तेव्हाच वापरली जावी हा त्यामागचा विचार.

पण कॉलेजच्या मुलांचं वेळापत्रक आठवा. 9 ते 5 आपण लेक्चरला, लायब्ररीत नाहीतर कट्ट्यावर. गिझर सकाळी सातला, इस्त्री रात्री, लॅपटॉप मध्यरात्री. समजा, रूमवर महिन्यात 120 युनिट्स जळतात आणि त्यातली 30 दुपारच्या वेळेत बसवली, तर सवलत झाली 24 रुपये. दोन कटिंगचे पैसे. वॉशिंग मशीन रविवारी दुपारी लावा, जरूर लावा, फुकटचे पैसे सोडायचे कशाला? पण तेवढ्यासाठी दुपारी लेक्चर बुडवून कपडे धुवायला येऊ नका.

आता याच्याशी एक साधा पंखा ताडून बघा. जुना पंखा साधारण 75 वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा 35 च्या आत-बाहेर. रोज 12 तास चालला तर महिन्याला सुमारे 14 युनिट्स कमी. आणि ही युनिट्स वजा होतात ती वरून, म्हणजे सगळ्यात महाग स्लॅबमधली. त्या स्लॅबचा दर 10 रुपये धरला, तर महिन्याला 140 रुपये! दर बदलण्यापेक्षा वापर बदलणं जास्त फायद्याचं पडतं, ते असं. रूम सोडताना पंखा काढून घेऊन जाता येतो, हा बोनस.

भाड्याच्या रूमचं काय?

आपल्यापैकी अनेकांसाठी खरी गळती इथे आहे. मीटर मालकाच्या नावावर, त्यामुळे कंपनी बदलायची तर अर्जही मालकानेच करायचा. आणि पैसे आपण भरतो ते बहुतेकदा सब-मीटरवर, ‘12 रुपये युनिट’ अशा ठोक दराने.

वरच्याच ‘अ’ कंपनीचं उदाहरण घेऊ. चौघांच्या फ्लॅटचं स्वतंत्र मीटर आहे आणि महिन्याला 280 युनिट्स जळतात. कंपनीचं बिल 2,500 रुपये, म्हणजे युनिटला साधारण 9 रुपये. शुल्क धरून 2,900. आणि 12 रुपयांच्या हिशेबाने तुम्ही दिले 3,360. महिन्याला 460 रुपये जास्त, वर्षाला साडेपाच हजार. कंपनी बदलून एवढे पैसे क्वचितच वाचतील.

अर्थात, प्रत्येक मालक लुटतोच असं नाही. मालकाचं घर आणि तुमची रूम एकाच मीटरवर असेल, तर एकूण वापर वरच्या स्लॅबमध्ये जातो आणि सरासरी दर खरंच वाढतो. म्हणून भांडू नका, कंपनीचं मूळ बिल बघायला मागा. एकूण रक्कम भागिले एकूण युनिट्स, हा झाला खरा दर. रूम घेतानाच ‘लाइट बिल कसं लावणार?’ हे विचारून करारात लिहून घेतलं, तर पुढचे अकरा महिने डोक्याला ताप नाही.

बदलण्याआधी पाच मिनिटं

• मागच्या बारा महिन्यांची युनिट्स लिहून काढा.
• दोन्ही कंपन्यांचे स्थिर, वीज, वहन आणि इंधन असे सगळे आकार धरा, मग 16 टक्के शुल्क लावा.
• बचत टक्क्यांत मोजू नका, वर्षाच्या रुपयांत मोजा.
• नवे दर साधारण 1 एप्रिलपासून लागू होतात. मागच्या वर्षीचा हिशेब यंदा चालेलच असं नाही.
• थकबाकी असेल तर आधी ती भरा, त्याशिवाय बदल होत नाही.

घरी आई-बाबा बिल भरतात म्हणून आपण ते कधी उघडूनही बघत नाही. या महिन्यात बिल आलं की त्यांच्या हातून घ्या आणि हा हिशेब एकदा करून बघा. उत्तर ‘बदलू नका’ असं आलं, तरी तो फायद्याचाच निर्णय असेल.