साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी देहूला आलेल्या बाईने घरातलं सगळं का सांगून ठेवलं?

फेसबुकवर कुणी स्वतःच्या आयुष्याबद्दल लांबलचक लिहिलं की खाली हमखास एक कमेंट येते. "हे सगळं चारचौघांत सांगायची काय गरज होती?" गंमत म्हणजे ही कमेंट करणाऱ्यानेही पोस्ट शेवटपर्यंत वाचलेली असते.

आपलं खासगी आयुष्य लिहायचं आणि अनोळखी माणसांनी ते वाचायचं, ही सवय मोबाईलने लावली असं आपल्याला वाटतं. पण तिची एक फार जुनी गोष्ट पिंपरी-चिंचवडच्या अगदी उंबऱ्यावर घडली आहे.

निगडी मागे टाकून तळवड्याच्या कंपन्यांवरून पुढे गेलं की इंद्रायणीकाठी देहू लागतं. आज या पट्ट्यात भोसरीपासून चाकणपर्यंत मराठवाड्यातून कामासाठी आलेली हजारो कुटुंबं राहतात. सतराव्या शतकात असंच एक कुटुंब मराठवाड्यातून निघून, गावोगाव फिरत देहूत पोचलं. त्यातली बाई म्हणजे संत बहिणाबाई. खानदेशातल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी वेगळ्या, यांचा जन्म वेरूळजवळच्या देवगावातला, 1628 सालचा.

लग्न कळतं वय येण्याआधीच झालं, तेही तीस वर्षांच्या बिजवराशी. पुढे घरावर संकट आलं आणि सगळ्यांना गाव सोडावं लागलं. पंढरपूर, शिंगणापूर करत कुटुंब कोल्हापूरला टेकलं. तिथे त्यांना एक गाय आणि वासरू मिळालं. वासराला अकरा वर्षांच्या बहिणाबाईंचा इतका लळा की ते कीर्तनातही त्यांच्यामागे जायचं. जयरामस्वामींनी कीर्तनात या मुलीचं आणि वासराचं कौतुक केलं, गावभर चर्चा झाली आणि नवऱ्याचा, गंगाधरपंतांचा, पारा चढला. त्यांनी तिला बेदम मारलं. काही दिवसांत वासरू गेलं.

हे आपल्याला माहीत आहे, कारण बहिणाबाईंनी ते स्वतः अभंगांत सांगून ठेवलं. या भागाला 'आत्मनिवेदन' म्हणतात. त्यात मार आहे, आजारपण आहे, तुकाराम शूद्र म्हणून ब्राह्मण नवऱ्याने घेतलेला आक्षेप आहे. 'लोक बायकोला मान देतात, मग मला कोण विचारणार' म्हणून गरोदर बायकोला सोडून निघालेला नवराही आहे. हेच गंगाधरपंत पुढे बदलले आणि कुटुंब देहूला आलं. राहायला जागा मागायला मंबाजी गोसाव्यांकडे गेले तर त्यांनी हाकलून दिलं. नव्या गावात भाड्याची खोली शोधलेल्या कुणालाही हा अनुभव नवा वाटणार नाही.

आता मुद्दा असा की हे सांगून मिळतं काय?

1986 साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. रोज पंधरा मिनिटं, असे चार दिवस लिहायचं. काहींना साध्या विषयांवर लिहायला सांगितलं, काहींना आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक प्रसंगावर. ज्यांनी प्रसंग आणि त्यावेळचं मन दोन्ही लिहिलं, ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. लिहून झाल्याझाल्या मात्र त्यांना बरं नाही, उलट जास्त वाईट वाटलं होतं. नंतर यावर ढिगाने प्रयोग झाले आणि परिणाम दिसतो पण लहान असतो, असं समोर आलं. म्हणजे लिहिणं हे औषध नाही. डोक्यात भेलकांडत राहणाऱ्या गोष्टीला आधी काय झालं, मग काय झालं, असा क्रम मिळतो, एवढं नक्की.

पण तेवढंच हवं असेल तर वही पुरते. दुसऱ्याला वाचायला का द्यायचं? कारण साक्षीदार हवा असतो. घरात मार खाल्लेल्या बाईचं ऐकणारं घरात कुणी नसतं.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं उदाहरण बघा. किराणा दुकानात बसून, पुड्या बांधायच्या रद्दीतले पेपर वाचता वाचता त्या लिहू लागल्या. महार समाजाचं, त्यातही बायकांचं जगणं त्यांनी लिहिलं आणि नवऱ्याच्या भीतीने ते लिखाण वीसेक वर्षं लपवून ठेवलं. 1980च्या दशकात ते 'जिणं आमुचं' म्हणून पुस्तकरूपाने आलं आणि नंतर इंग्रजीतही गेलं. म्हणजे लिहिण्यापेक्षा दाखवणं कितीतरी अवघड होतं, तरी ते झालं.

वाचणाऱ्याचं गणित वेगळं. थोडा भाग सरळसरळ डोकावण्याचा, दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते बघण्याचा, हे मान्य करायला हरकत नाही. पण नुसतं डोकावणं असतं तर सिनेमातल्या लोकांचंच वाचलं गेलं असतं. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त सोवळं-ओवळं, भांडणं, नवऱ्याचं धर्मांतर सांगितलं आणि 1934 पासून आजवर लोक ते वाचतात. कारण त्यातली बाई आपल्या घरातल्या कुणासारखी तरी बोलते. 'आपल्याच बाबतीत असं होतं' हा समज एका परिच्छेदात मोडतो. चाकणला खोली करून राहणाऱ्या मुलाने दुसऱ्याच कुणाची शिफ्ट, मेस आणि गावाकडच्या फोनबद्दलची पोस्ट वाचली तर त्याला नवीन माहिती काहीच मिळत नाही. तरी तो ती मित्राला पाठवतो.

यात एक अडचण मात्र जुनीच आहे. स्वतःचं लिहिताना दुसराही लिहिला जातो. बहिणाबाई 1700 साली शिऊरला वारल्या, त्याआधी मुलाला जवळ बसवून आपल्या बारा मागच्या जन्मांचीही हकिगत सांगून गेल्या. त्यांचं आत्मनिवेदन 1929 साली जस्टिन अ‍ॅबट यांनी इंग्रजीतही नेलं. त्या वासरावरून झालेल्या मारहाणीबद्दल गंगाधरपंतांचं म्हणणं काय होतं, ते आपल्याला फक्त त्यांच्या बायकोकडूनच कळतं.