कस्टर्डची वाटी : अंड्याची की पिठाची?

आजारातून उठणारा माणूस, दात पडलेले वृद्ध किंवा जेवणाचा कंटाळा करणारे मूल यांना ‘काहीतरी मऊ आणि पौष्टिक’ द्यायचे म्हणून अनेक घरांत कस्टर्ड केले जाते. यामागील समज निराधार नाही. दूध आणि अंडी यांपासून केलेल्या कस्टर्डमध्ये उच्च प्रतीची दोन प्रथिने एकत्र येतात आणि तो पदार्थ फारसा चावावाही लागत नाही. मात्र भारतातील बहुतेक स्वयंपाकघरांत ज्याला कस्टर्ड म्हणतात त्यात अंडे नसतेच. पाकिटातील फिकट पूड थंड दुधात कालवून ती उकळत्या दुधात घातली की मिश्रण दाट आणि पिवळे होते. या पुडीचा मुख्य घटक असतो मक्याचे स्टार्च. नाव एकच आणि रंगही जवळपास सारखा. परंतु पुडीच्या कस्टर्डमध्ये प्रथिने अंड्याच्या कस्टर्डच्या निम्म्याहूनही कमी असतात.

या गोंधळाचे मूळ जवळपास दोन शतके जुने आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरातील रसायनज्ञ आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. तिच्यासाठी त्यांनी १८३७ मध्ये अंड्याऐवजी मक्याच्या पिठाने दाट होणारे कस्टर्ड तयार केले. ज्याला अंडे वर्ज्य आहे त्याच्यासाठी ती उत्तम सोय होती आणि आजही आहे. भारतात मिळणाऱ्या बहुतेक कस्टर्ड पावडरच्या पाकिटांवर शाकाहाराचे हिरवे चिन्ह असते, ते याच कारणाने. पिवळा रंग बलकाचा नसून पुडीत मिसळलेल्या रंगाचा असतो आणि वास व्हॅनिलाच्या स्वादाचा. (सीताफळाला इंग्रजीत ‘कस्टर्ड ॲपल’ म्हणतात, तेवढ्यावरून त्याचाही या पदार्थाशी संबंध जोडला जातो, तो केवळ गराच्या मऊपणापुरता आहे.)

दोन्हींतील फरक आकड्यांत पाहता येतो. अर्धा लिटर टोन्ड दूध, तीन मध्यम अंडी आणि ५० ग्रॅम साखर यांचे कस्टर्ड करून त्याच्या चार वाट्या केल्या, तर प्रत्येक वाटीत सुमारे १७५ उष्मांक, साडेआठ ग्रॅम प्रथिने, साडेसात ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि १९ ग्रॅम कर्बोदके येतात. कॅल्शियम सुमारे १७० मिलिग्रॅम असते. आता अंडी काढून त्यांच्या जागी दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, कस्टर्ड पावडर घातली तर वाटीमागे उष्मांक १४५ च्या आसपास राहतात, कर्बोदके २४ ग्रॅमवर जातात आणि प्रथिने चार ग्रॅमपर्यंत उतरतात. ती चार ग्रॅमही सर्वस्वी दुधाची. स्टार्चच्या पुडीतून प्रथिने जवळजवळ मिळतच नाहीत. दुधाचा प्रकार आणि अंड्यांचा आकार यांनुसार हे आकडे थोडेफार बदलतील, दोन्हींतील अंतर मात्र फारसे बदलणार नाही.

कॅल्शियमच्या बाबतीत दोन्ही वाट्या जवळपास बरोबरीच्या ठरतात, कारण ते प्रामुख्याने दुधातून येते. अंड्यामुळे वाढतात त्या गोष्टी निराळ्या आहेत. बलकात अ आणि ड ही जीवनसत्त्वे असतात, तसेच मेंदू व यकृत यांच्या कार्यासाठी लागणारे कोलीन असते. एका अंड्यात कोलीन सुमारे १५० मिलिग्रॅम असते, त्यामुळे वरील कस्टर्डच्या एका वाटीतून ते शंभराहून अधिक मिलिग्रॅम मिळते. ब-१२ हे जीवनसत्त्व दूध आणि अंडी या दोहोंतही असते. मांस-मासे न खाणाऱ्या, पण अंडी चालणाऱ्या व्यक्तीला या दृष्टीने हा पदार्थ विशेष उपयोगी आहे.

अंड्याचे कस्टर्ड घट्ट होते ते प्रथिनांमुळेच. दूध कितीही उकळले तरी ते आटते, थिजत नाही, कारण त्यातील केसीन हे मुख्य प्रथिन नुसत्या उष्णतेने गोठत नाही. अंड्यातील प्रथिने मात्र उष्णता लागताच उलगडतात, एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात आणि त्या जाळ्यात दूध अडकून राहते. नुसते अंडे ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान घट्ट होऊ लागते. दूध आणि साखर मिसळल्यावर हीच क्रिया ८० अंशांच्या पुढे पूर्ण होते. मराठी वाचकाला याचे जवळचे उदाहरण खरवसाचे. व्यालेल्या गाई-म्हशीच्या चिकाच्या दुधात उष्णतेने गोठणारी प्रथिने, विशेषतः रोगप्रतिकारक प्रथिने, विपुल असतात. म्हणून चिकात अंडे, पीठ वा विरजण यांतले काहीही न घालता वाफेवर खरवस थिजतो. पुडीच्या कस्टर्डमध्ये असे प्रथिनांचे जाळे नसते. तेथे स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि दूध दाट होते, अगदी कढीला बेसन लावावे तसे.

म्हणूनच अंड्याच्या कस्टर्डला आच जपून द्यावी लागते. ते पाण्याच्या भांड्यात ठेवून भाजतात किंवा मंद वाफेवर शिजवतात. आच जास्त झाली की जाळे आकसते, जाळी पडते आणि पाणी सुटते. तसे झाले तर रूप बिघडते, परंतु त्यामुळे पोषण वाया जात नाही. धोका आहे तो कच्चे राहण्याचा. अंड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून अंड्याचे पदार्थ आतपर्यंत किमान ७१ अंश तापावेत असे सांगितले जाते. कस्टर्ड मध्यापर्यंत थिजले असेल तर ही अट पुरी झालेली असते. कच्चे अंडे दुधात फेटून पिणे अधिक ताकद देते ही समजूतही टिकत नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेल्जियममधील एका छोट्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने शरीरात शोषली गेल्याचे आढळले, तर कच्च्या अंड्यातील जेमतेम निम्मी. शिवाय कच्च्या पांढऱ्या भागातील एव्हिडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते. शिजवल्यावर ही अडचण बरीच दूर होते.

मुंबई आणि गुजरातमधील पारशी समाजाचे ‘लगन नु कस्टर्ड’ हे याच कुळातले. लग्नाच्या जेवणातील या पदार्थासाठी दूध आधी आटवतात, मग त्यात अंडी, साखर, वेलची, जायफळ घालून ते भाजतात. आटीव दुधामुळे प्रथिने आणि कॅल्शियम दाटते, तसेच उष्मांकही. आजारपणात वजन उतरलेल्या व्यक्तीसाठी तोच मार्ग घरीही अवलंबता येतो. टोन्ड दुधाऐवजी सहा टक्के स्निग्धांशाचे फुल क्रीम दूध वापरल्यास वाटीमागे सुमारे ३५ उष्मांक वाढतात, आणि वाटीचा आकार तोच राहतो.

एवढे असूनही हे पूर्णान्न नव्हे. दूध लोहाच्या बाबतीत जवळजवळ रिकामे आहे आणि बलकातील लोह तेथील फॉस्व्हिटिन या प्रथिनाला इतके घट्ट बांधलेले असते की ते शरीराला कमीच मिळते. रक्तक्षयावर उपाय म्हणून कस्टर्ड देण्यात त्यामुळे फारसा अर्थ नाही. तंतुमय पदार्थ त्यात नाहीत आणि क जीवनसत्त्वही नाही. ही उणीव पेरू, संत्रे अशी ताजी फळे घालून काही अंशी भरून निघते. कच्चा अननस मात्र वगळावा. त्यातील विकर दुधातील प्रथिने तोडते आणि कस्टर्ड कडवट होते.

साखरेचा हिशेबही ठेवायला हवा. वरील प्रमाणात वाटीमागे साडेबारा ग्रॅम साखर वरून घातलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने अशा साखरेतून मिळणारे उष्मांक दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली ठेवण्यास सांगितले असून, ते पाच टक्क्यांखाली, म्हणजे प्रौढांसाठी साधारण २५ ग्रॅम साखरेखाली, असणे अधिक हितकर मानले आहे. एका वाटीत त्यातली निम्मी साखर संपते, आणि कॅरॅमलचा थर असेल तर तीही साखरच असते. मधुमेहींसाठी साखर निम्मी केली तरी कस्टर्ड थिजते, कारण ती चवीपुरती असते. दोन वर्षांखालील मुलांच्या वाटीत ती घालूच नये, असा आहारतज्ज्ञांचा सल्ला असतो.

कोलेस्टेरॉल एका वाटीत सुमारे १५० मिलिग्रॅम असते. पूर्वी अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा होती, ती २०१५ च्या आवृत्तीत वगळण्यात आली. तरीही हृदयविकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी, तसेच प्रथिने आणि फॉस्फरस मोजून घ्यावे लागणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी हा पदार्थ शिजवलेला आहे म्हणून निर्धास्त राहू नये. पांढऱ्या भागातील ओव्होम्युकॉइड हे ॲलर्जी निर्माण करणारे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. अशा घरात पुडीचेच कस्टर्ड योग्य, आणि प्रथिनांची भर डाळ, पनीर, शेंगदाणे यांतून घालता येते. दुधातील साखर न पचणाऱ्यांना मात्र दोन्ही प्रकार सारखेच त्रासदायक ठरू शकतात.

दूध आणि अंडी ही जिवाणूंनाही मानवतात. तयार कस्टर्ड दोन तासांच्या आत, आणि उन्हाळ्यात पारा ३२ अंशांवर गेला असेल तर तासाभरात, फ्रिजमध्ये ठेवावे. रुग्णाने अर्धी वाटी खाऊन उशाशी ठेवलेले कस्टर्ड संध्याकाळी पुन्हा त्याला देऊ नये.