पंप पाण्याचा, प्रश्न विजेचा

राजारामपुरीच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांत संगणक जुळवून घ्यायला येणारा ग्राहक आता प्रोसेसर आणि रॅमच्या जोडीने ‘वॉटर कूलिंग’चीही चौकशी करतो. चर्चा मात्र बहुधा रेडिएटर केवढा आणि दिवे किती रंगांचे, एवढ्यावरच थांबते. ज्या पंपावर ही सारी व्यवस्था अवलंबून असते, त्याला वीज कोठून मिळणार, हे क्वचितच विचारले जाते. पंखा बंद पडला तर निदान आवाज थांबतो. पंप मात्र मुकाट्याने थांबतो. मग प्रोसेसरचे तापमान काही क्षणांतच शंभर अंशांच्या घरात जाते आणि तो स्वतःचा वेग घटवतो किंवा संगणकच बंद करतो.

पंपांचे दोन प्रकार प्रचलित आहेत. बंदिस्त, तयार संचातील पंप लहान असतो आणि मोजक्या वॉटवर चालतो. त्याची वायर मदरबोर्डवरील पंपासाठी राखलेल्या जोडणीत लावली तरी चालते. सुट्या भागांतून उभारलेल्या व्यवस्थेतील ‘डी५’सारखा पंप मात्र 12 व्होल्टवर वीस वॉटांहून अधिक, म्हणजे जवळजवळ दोन अँपिअर घेऊ शकतो. मदरबोर्डवरील पंख्याची जोडणी साधारणतः एकाच अँपिअरसाठी बनवलेली असते. तीवर असा पंप लादणे, किंवा दुहेरी वायर घालून पंप आणि पंखे एकत्र जोडणे, म्हणजे मदरबोर्ड धोक्यात घालणे होय.

म्हणून मोठ्या पंपाला दोन स्वतंत्र वायरी असतात. एक मोलेक्स अथवा सॅटा जोडणीने थेट एसएमपीएसमधून वीज घेते. दुसरी, बारीक वायर मदरबोर्डकडे जाते. ती वीज वाहत नाही. पंप मिनिटाला किती फेरे घेतो ते सांगते आणि वेगाचा हुकूम पंपापर्यंत पोचवते. ही वायर अनेकदा ‘नसली तरी चालते’ म्हणून तशीच लोंबत ठेवली जाते. ती जोडणेच शहाणपणाचे, कारण पंप थांबल्याची वर्दी देणारी तीच एक आहे. प्रोसेसरच्या पंख्याच्या जोडणीत ती बसवली, तर फेरे शून्यावर येताच बहुतेक मदरबोर्ड सुरुवातीलाच इशारा देतात. शिवाय वेगाचा संकेत न मिळाल्यास काही पंप पूर्ण वेगाने, तर काही मंद गतीने फिरतात. माहितीपत्रक पाहणे इष्ट.

मदरबोर्डवरून थेट वीज घेणाऱ्या लहान पंपाची अडचण निराळी. पंख्याप्रमाणे त्याचाही व्होल्टेज तापमानानुसार कमीजास्त होत राहिला, तर तो अडखळतो. बायोसमध्ये ती जोडणी पूर्ण वेगावर स्थिर ठेवावी.

वायर फिरवण्याचा नियम घराच्या बाहेरील वीजजोडणीतून सहज उमगतो. तेथे तार भिंतीत शिरण्याआधी खाली झोळ देतात, जेणेकरून पावसाचे पाणी तारेवरून आत न जाता खाली टपकावे. कॅबिनेटमध्येही पंपाकडून येणारी वायर जोडणीच्या खाली थोडी सैल सोडून मग वर न्यावी. पाण्याच्या नळीच्या सांध्याखाली विजेची कोणतीही जोडणी येऊ देऊ नये. वायर मदरबोर्डच्या मागील पोकळीतून न्यावी, पंख्याच्या पात्यांपासून दूर बांधावी. पण पट्टा आवळू नये. एका एसएमपीएसची सुटी वायर दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावणे तर पूर्ण वर्ज्य. दोन्ही टोकांची जोडणी हुबेहूब दिसली तरी आतील पिनांचा क्रम भिन्न असू शकतो आणि 5 व्होल्टच्या जागी 12 व्होल्ट पोचतात.

नदीकाठच्या उपसा पंपाप्रमाणेच हा पंपही कोरडा चालवायचा नसतो; आतील द्रवच त्याच्या बेअरिंगचे वंगण असते. म्हणून टाकी भरल्यावरच त्याला वीज द्यावी आणि पहिली चाचणी मदरबोर्ड वगळून घ्यावी. मुख्य वीज बंद ठेवून 24 पिनांचा जोड मदरबोर्डमधून काढावा, त्यावर दुकानात मिळणारा जंपर बसवावा आणि पंपाखेरीज साऱ्या वायरी सोडवून ठेवाव्यात. मग एसएमपीएस सुरू केला की फक्त पंप फिरतो. सांध्यांखाली टिपकागद अंथरून काही तास ही चाचणी चालू द्यावी. पाणी खाली गेले की पंप थांबवून टाकी पुन्हा भरावी, हवेचे बुडबुडे निघेपर्यंत. कागद कोरडा राहिला, तरच 24 पिनांचा जोड मदरबोर्डवर परत बसवावा.