तळ्यावरची हिरवी साय

उन्हाळा वाढला, वारा पडला आणि तळ्याचे पाणी आटू लागले, म्हणजे एखाद्या सकाळी पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसतो. नेहमीचेच शेवाळ समजून गुरे त्याच पाण्यावर नेली जातात. परंतु हा तवंग नील-हरित शेवाळाचा असल्यास तो गुरांच्या जिवावर बेतू शकतो.

हे जीव नुसत्या डोळ्यांनी एकेकटे दिसत नाहीत. त्यांच्या पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असल्याने ते वर तरंगतात व ऊन मिळवितात. शेण, मलमूत्र आणि शेतातून वाहून आलेली खते यांतील नत्र व स्फुरद यांवर ते झपाट्याने वाढतात. वारा त्यांची साय एका काठाला लोटतो. गुरे तेथेच पाणी पीत असली, तर धोका अधिक.

ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराचे असे पाणी पिऊन मेंढ्या, घोडे इत्यादी जनावरे काही तासांत दगावल्याचे जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ साली प्रसिद्ध केले. मासेही सुरक्षित नसतात. रात्री हे शेवाळ पाण्यातील प्राणवायू वापरते; म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात.

ओळखण्याची रीत सोपी आहे. हाताला पाणी लागू न देता ते काचेच्या बरणीत घ्यावे व रात्रभर न हलविता ठेवावे. सकाळी हिरवा थर वर जमला, तर नील-हरित शेवाळाचा संशय धरावा. सर्वच जाती विषारी नसतात, पण डोळ्यांनी फरक कळत नाही.

अशा वेळी गुरांना विहिरीचे पाणी पाजावे व तो काठ कुंपण घालून बंद करावा. पाणी उकळल्याने विष नाहीसे होत नाही. दाट तवंगावर मोरचूद टाकू नये. पेशी फुटून विष पाण्यात उतरते. गुरे आजारी दिसताच पशुवैद्यास बोलवावे.

याच कुळातील काही जाती भातखाचरात हवेतील नत्र स्थिर करून पिकाला साहाय्य करतात. तेव्हा या जीवांशी सरसकट वैर नको. शेण व खत तळ्यात जाऊ न देणे, काठावर गवताचा पट्टा राखणे, हाच खरा उपाय होय. ग्रामसेवकांनी उन्हाळ्यापूर्वीच गावच्या तळ्याची पाहणी करावी.